१५० ताटं, ३०० वाट्या: आमच्या गावच्या भांडी बँकेचा अनुभव

यंदाच्या कानबाईला (श्रावणात नारळाच्या रूपात देवी बसवायचा आमचा खानदेशी सण) आम्ही रोटाच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जेवणासाठी गावातल्या महिला बचत गटाच्या भांडी बँकेतून १५० माणसांची भांडी घेतली. ताटं, वाट्या, ग्लास, चमचे, वाढायची भांडी, सगळं स्टीलचं. अमळनेर तालुक्यातल्या, तापीकाठच्या आमच्या गावात ही सोय सुरू होऊन दीड वर्ष झालं, तरी अजून निम्म्या गावाला तिची नीट माहिती नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पाचपैकी चार तारे देते. एक तारा का कापला तेही सांगते, कारण गटातल्या बायका हे वाचणार आहेत आणि त्यांनीच मला सांगितलंय, "गोड गोड लिहू नका बाई, खरं लिहा."

आधी मागच्या वर्षीचं सांगायला हवं.

मागच्या वर्षी आमच्याकडे एवढीच माणसं होती. कानबाईला सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंद पोटासाठी गेलेत तिथून सगळे गावी येतात. घरातली भांडी पन्नास माणसांना पुरतात, त्यापुढे नाही. मी अमळनेरच्या बाजारातून वापरून फेकायच्या प्लेटा, द्रोण, ग्लास आणि चमचे आणले. त्यातले ग्लास आणि चमचे प्लास्टिकचे होते. १ जुलै २०२२ पासून देशभर अशा प्लेटा, ग्लास, चमच्यांवर बंदी आहे, महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच. मला हे माहीत होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, बंदीचं परिपत्रक मीच वर्गात वाचून दाखवलं होतं. तरी मागितले, मिळाले, घेतले. घाई होती एवढंच कारण.

जेवणं झाल्यावर दोन मोठ्या गोण्या भरल्या. त्या घरामागे नाल्याच्या काठाला ठेवल्या, उद्या बघू म्हणून. रात्री जागरण सुरू असताना पाऊस कोसळला. सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर निघाली. डोक्यावर चौरंग माझ्या जेठाणीच्या होता, मी मागे आरतीचं ताट घेऊन. तापी दुथडी भरलेली, चहासारखं गढूळ पाणी. घाटाच्या शेवटच्या पायरीशी पाण्याला भोवरा पडतो, तिथे पांढरे ग्लास एकमेकांत अडकून गोल गोल फिरत होते. त्यांच्या काठाला गुलाबी रेघ होती. आमच्याच गोणीतले. कुणीतरी काठीने ते बाजूला सारले, म्हणजे धारेला लावून दिले, आणि मग कानबाईला पाण्यात उतरवलं. नारळाला नथ, डोळ्यांत काजळ, आणि चार हातांवरून आमचे उष्टे ग्लास वाहत चाललेले. मी हात जोडले खरे, पण त्या दिवशी माझं लक्ष आरतीत लागलं नाही.

यंदा आषाढातच भांडी बँकेत गेले.

बँक म्हणजे गटाच्या अध्यक्षबाईंच्या घराची ओसरी आणि तिला लागून एक खोली. खोलीत लोखंडी मांडण्या, त्यांवर ताटांच्या चळती, २५-२५ च्या. प्रत्येक ताटाच्या काठावर मशीनने गटाचं नाव आणि आकडा कोरलेला आहे. ३०० ताटं, ६०० वाट्या, ३०० ग्लास, तितकेच चमचे. शिवाय पाच मोठी पातेली, पळ्या, डाव, पाण्याचे चार पिंप. हे सगळं त्यांनी गटाच्या बचतीतून आणि कर्ज काढून टप्प्याटप्प्याने घेतलंय. पहिल्यांदा ५० ताटंच होती म्हणे.

नोंदणी एका लाल वहीत होते. तारीख, माणसं, काय काय हवं, अनामत १५०० रुपये. पावती देतात. भांडी आदल्या दिवशी संध्याकाळी गटाची हातगाडी घेऊन दोघी जणी घरपोच आणतात. गावात वाहतुकीचा खर्च नाही, बाहेरगावी न्यायचं तर छोटा हत्ती आपला आपण करायचा.

मला सगळ्यात जास्त आवडला तो मोजणीचा रिवाज. आमच्या अंगणात सतरंजी टाकली, पोत्यांतून चळती काढल्या आणि त्या दोघींनी एकेक ताट माझ्यासमोर मोजलं. मी म्हटलं, "राहू द्या, विश्वास आहे." तर मोठी म्हणाली, "मोजीसन ल्या, मोजीसन द्या. इस्वासनी गोष्ट नही ताई, हिसेबनी से." मग मीही बसले. वाट्या दहा-दहाच्या उतरंडीत मोजायच्या, ग्लास पाच-पाचचे. चमचे वीस-वीसच्या जुड्या, रबराऐवजी सुतळीने बांधलेल्या. पाऊण तास गेला. ज्या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी पाऊण तास नसतो त्या घराला हे जड जाईल, पण त्यामुळे परत देताना एका वाटीवरूनही वाद झाला नाही.

भांडी स्वच्छ होती. ताटांचं मी बोट फिरवून पाहिलं, काठाच्या वळणातसुद्धा चिकटपणा नव्हता. पन्नास-साठ वाट्या मात्र दमट होत्या, पोत्यात तशाच भरल्याने त्यांना पोत्याचा वास लागला होता. आणि चार वाट्यांच्या बुडाशी आधीच्या कुणाच्या तरी घरची पिठल्याची वाळलेली कड होती. मी त्या दाखवल्या, तिथेच घासून घेतल्या. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत हे समजतं, पण उन्हाची वाट न पाहता फडक्याने पुसून भरायला हवीत. कापलेल्या ताऱ्याचा एक भाग हा.

आता जेवणाचं. रोटाला आमच्याकडे पुरणपोळी, रशी, खीर, गंगाफळाची भाजी. ज्यांनी कागदी द्रोणात रशी वाढलीय त्यांना मी वेगळं काय सांगू. रशी पातळ आणि कढत, द्रोण दोन मिनिटांत बुडातून पाझरतो, मग लोक एकात एक दोन द्रोण घालतात, तरी ताटात ओघळ येतोच आणि पोळी भिजते. यंदा खोल वाट्या होत्या. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनीही तीन-तीनदा रशी मागून घेतली. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, हात थरथरतो. मागच्या वर्षी त्यांच्या हातातली प्लेट मधोमध मोडून सगळं धोतरावर सांडलं होतं आणि ते न जेवताच उठले होते. यंदा जड ताट मांडीवर घेऊन शेवटपर्यंत जेवले. ताटाला खोलगट काठ आहे, त्यामुळे पोळीवरचं तूप बाहेर येत नाही. हे काठाचं मी मुद्दाम लिहिते आहे. गट नवी ताटं घेणार असेल तर हीच घ्यावीत, सपाट नकोत.

ग्लास तितके चांगले नाहीत. पत्रा पातळ आहे. पाण्याला ठीक, पण जागरणाला चहा भरला की हातात धरवत नाही. आणि चहाचे कप त्यांच्याकडे नाहीतच. ही सगळ्यात मोठी उणीव. तिच्याकडे शेवटी येते.

धुण्याचे ६०० रुपये वेगळे. तिघी जणी आल्या, अंगणाच्या कोपऱ्यात तीन घमेली मांडली. पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात राख आणि साबणाने घासायचं, तिसऱ्यात निवळ पाण्यात बुडवून काढायचं. नळाखाली एकेक ताट धूत बसल्या असत्या तर टाकीभर पाणी गेलं असतं. खरकट्याचं पाणी त्यांनी विचारून आमच्या म्हशीच्या बादलीत ओतलं, राखेचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. "स्टील धुवायला पाणी लागतं, त्यापेक्षा फेकायचं बरं" असं म्हणणारे गावात बरेच आहेत. त्यांनी ही तीन घमेली बघावीत.

खर्च झाला तो असा. ताटाचे ३ रुपये, वाटी आणि ग्लासाचा प्रत्येकी १, चमच्याचे ५० पैसे. सगळे मिळून ९७५. धुण्याचे ६००. सात वाट्या आणि दोन ग्लास हरवले, त्यांचे २९० अनामतीतून कापले. एकूण १८६५. मागच्या वर्षी फेकायच्या सामानाला ११०० लागले होते. म्हणजे ७६५ रुपये जास्त गेले. स्वस्त पडतं असं मी कुणाला खोटं सांगणार नाही. एक गोष्ट मात्र आहे. ते ११०० बाजारात जाऊन शेवटी नदीत गेले, हे १८६५ गावातल्या आठ-दहा घरांत राहिले.

या ७६५ रुपयांवरून आमच्या घरात बोलणं झालं. मोठ्या जेठांनी हिशेब विचारला. ते शेती बघतात, पैसा कष्टाचा असतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न मला योग्यच वाटला. मी म्हटलं, नाना, प्लास्टिक नदीतून समुद्रात जातं, तिथले पक्षी खातात. ते म्हणाले, "समुद्र कथा नि आपन कथा?" म्हणजे कुठे समुद्र नि कुठे आपण.

मला तो समुद्र कुठे आहे ते जानेवारीत कळलं होतं.

माझी आक्का सुरतेला उधन्यात असते. लग्न होऊन गेली तेव्हापासून आम्ही अमळनेरला गाडीत बसतो आणि उधन्याला उतरतो. खानदेशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तिकडे आहे. या जानेवारीत भाचा मला सकाळी सकाळी तापीच्या कॉजवेवर, म्हणजे नदीवरच्या बांधवजा पुलावर घेऊन गेला. आपली तापी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत जाणारी, जिला मी रोज घाटावरून बघते तीच. कॉजवेच्या खालच्या अंगाला समुद्राच्या भरतीचं पाणी येतं. तिथे हजारो कुरव उतरले होते. समुद्रकाठचे पक्षी आहेत हे, पांढरे, लाल चोचीचे, हिवाळ्यात डोक्यावरचा गडद रंग जातो आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका राहतो. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर अंडी घालतात आणि थंडीत खाली आपल्या किनाऱ्यांवर येतात. सुरतेची माणसं त्यांना गाठिये टाकतात. मुठीने वर उडवायचे आणि पक्ष्यांनी हवेतच झेलायचे. पोरं हसत होती, फोटो काढत होती. मीही दोन मुठी टाकल्या.

मग माझ्यापासून पाच-सहा हातांवर एक कुरव पाण्यावर बसला. त्याच्यासमोर काठाच्या फेसात पांढरे बारके तुकडे तरंगत होते. काही गाठियांचे भिजलेले, काही थर्मोकोलचे. कुठल्या तरी भंडाऱ्याचे द्रोण पायऱ्यांच्या कोपऱ्यात पडले होते, त्यांच्याच कडा मोडलेल्या. त्या पक्ष्याने एक तुकडा उचलला, चोचीत फिरवला, टाकला. परत उचलला. मान वर केली आणि गिळला. गळ्याजवळची पिसं एकदा हलली, बस्स. मी भाच्याला म्हटलं, अरे तो थर्मोकोल होता. तो म्हणाला, मावशी, रोजच खातात.

मी घरी येऊन वाचायला लागले, आणि आठवीच्या वर्गाला शिकवण्यासाठी म्हणून टिपणं काढत गेले.

कुरवाचं एक बरं असतं, न पचलेलं तो गोळा करून ओकून टाकतो. तो जानेवारीतला पक्षी कदाचित वाचला असेल. सगळ्यांना ते जमत नाही. पेट्रेल, फुल्मार या समुद्रपक्ष्यांत दोन जठरांमधली वाट इतकी अरुंद असते की गिळलेले तुकडे आतच अडकून पडतात. अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांचं त्याहून वाईट. प्रशांत महासागराच्या मध्यावर मिडवे नावाचं बेट आहे, जवळपास माणसांची मोठी वस्ती नाही. तिथे लेसन अल्बाट्रॉस लाखांनी अंडी घालतात. आई-बाप शेकडो मैल उडून माखली आणि उडत्या माशांची अंडी गोळा करून आणतात. ही अंडी समुद्रावर तरंगणाऱ्या वस्तूंना चिकटलेली असतात. पूर्वी त्या वस्तू म्हणजे लाकूड, शेवाळ. आता बाटलीची झाकणं, लायटर, टूथब्रशचे तुकडे. पक्षी अंडी खातो ती वस्तूसकट, आणि घरी येऊन पिल्लाच्या चोचीत ओततो. पिल्लाचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. मेलेल्या पिल्लांची पिसं-हाडं मातीला मिळतात, आणि मधोमध रंगीत झाकणांचा ढीग तसाच राहतो.

त्याच बेटावर विस्डम नावाची एक मादी आहे. १९५६ साली तिच्या पायात ओळखीचं कडं घातलं, तेव्हाच ती वयात आलेली होती. २०२४ सरताना तिने पुन्हा एक अंडं घातलं. माझ्या आईच्या वयाची पक्षीण. तिने पहिली पिल्लं वाढवली तेव्हा समुद्रात प्लास्टिक जवळजवळ नव्हतंच. २०१५ सालचा एक मोठा अभ्यास सांगतो की १९६०च्या सुमारास पोटात प्लास्टिक असलेले समुद्रपक्षी शंभरात पाचही नव्हते, आता अंदाजे नव्वद आहेत, आणि असंच चाललं तर २०५० पर्यंत समुद्रपक्ष्यांच्या ९९ टक्के जातींमध्ये ते सापडेल. हा सगळा बदल त्या एका पक्षिणीच्या हयातीत झाला.

मुलांनी मला विचारलं, "मॅडम, पक्ष्यांना कळत नाही का?" या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात लागलं. त्यांना कळतं, आणि म्हणूनच फसतात. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना बारीक जीव खायला लागले की त्यातून एक गंधकाचा वास सुटतो, डायमिथाइल सल्फाइडचा. पेट्रेल-अल्बाट्रॉसच्या कुळातले पक्षी त्या वासावर मैलोन्‌मैल जातात, कारण वास तिथे खाणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. प्लास्टिक काही आठवडे समुद्रात राहिलं की त्यावर शेवाळ धरतं आणि त्यालाही तोच वास येऊ लागतो. २०१६ साली हे संशोधनातून पुढे आलं. आमच्या सासूबाई नाकाने सांगतात वांगं भाजलं की कच्चं आहे. त्यांच्या नाकाशी कुणी असा दगा केला तर त्या काय करतील?

२०१९ च्या एका अभ्यासात ५१ जातींचे १,७३३ मेलेले पक्षी तपासले. पोटात एक तुकडा गेला तरी त्याने मरण्याची शक्यता पाचात एक. नऊ तुकडे झाले की निम्मी. आणि सगळ्यात घातक काय, तर फुग्याचं रबर. टणक प्लास्टिकपेक्षा ३२ पट जास्त जीवघेणं, कारण ते मऊ असल्याने आतड्यात घट्ट बसतं. यंदा पुतण्यांना कानबाईच्या मखराला फुग्यांची कमान करायची होती. मी त्यांना हा आकडा सांगितला. त्यांनी निमूट झेंडूची आणि आंब्याच्या पानांची तोरणं बांधली.

जे पक्षी मरत नाहीत त्यांचंही पोट धड राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर शिअरवॉटर नावाच्या पक्ष्यांच्या पिल्लांच्या जठराच्या आत, तुकड्यांनी घासून घासून वण पडलेले आढळले, पचनाच्या ग्रंथीच निकामी होत गेलेल्या. २०२३ मध्ये संशोधकांनी या आजाराला प्लास्टिकोसिस असं नावच दिलं. ज्या आजाराचं कारण फक्त प्लास्टिक, असा आजार.

हे सगळं मी जेठांना एकदम सांगितलं नाही. त्यांना मी खताचं सांगितलं. हिंदी महासागरात चागोस म्हणून बेटं आहेत. काहींवर जहाजांतून उंदीर आले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं संपवली, काहींवर उंदीर पोचले नाहीत. जिथे पक्षी शाबूत आहेत तिथे त्यांच्या विष्ठेतलं नत्र पावसाने धुऊन किनाऱ्यावरच्या प्रवाळात जातं, आणि तिथल्या प्रवाळावर माशांचं एकूण वजन पक्षी नसलेल्या बेटांपेक्षा जवळपास दीडपट भरलं. २०१८ चा अभ्यास आहे. समुद्रातलं खाऊन बेटावर येऊन खत टाकणारा आणि ते खत परत समुद्राला देणारा, असा हा पक्षी. नाना शेणखताशिवाय केळी लावत नाहीत. ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो समुद्राचा गोठा आहे." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आणि समुद्र आपल्यापासून लांब तरी कुठे आहे? आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील घेऊन बसणाऱ्या बायका आमच्या लहानपणापासून येतात. समुद्रातलं प्लास्टिक उन्हाने आणि लाटांनी फुटून बारीक होतं, ते जवळा-कोळंबीसारखे जीव गिळतात, त्यांना मासे खातात. आपल्याकडून वाहत गेलेलं भाकरीबरोबर परत येण्याइतका हा रस्ता जवळचा आहे.

जेठांची दुसरी शंका होती, मध्ये गुजरातेत तापीवर उकाई धरण आहे, ते प्लास्टिक अडवणार नाही का? बरंच अडवतं. पण पावसाळ्यात वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा तापी कशी येते हे आम्ही काठावरून बघतो, आणि खाली उकाईचेही उघडतात. जे अडून राहतं ते नाहीसं होत नाही, तिथेच उन्हात भुगा होतं. शिवाय धरणाच्या पाण्यावरही सुरय, पाणकावळे, बगळे आहेतच.

आता उणिवेकडे. जागरणाला रात्रभर दोन-दोन तासांनी चहा झाला. भांडी बँकेत कप नाहीत, पातळ ग्लास हाताला पोळतात, म्हणून मला २०० कागदी कप आणावे लागले. कागदी म्हटलं तरी आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, नाहीतर चहा झिरपला असता. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मोजलंय: १०० मिलिलिटर गरम पेय अशा कपात १५ मिनिटं राहिलं तर साधारण २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. एवढं करून शेवटी एक गोणी कपांची झालीच. यंदा मी ती नाल्यावर ठेवली नाही, अमळनेरला नगरपालिकेच्या कचरागाडीत नेऊन दिली, पण पुढे तिचं काय झालं याची खात्री मी देऊ शकत नाही.

फोनचंही सांगायला हवं. दुपारी एक ते पाच कुणी उचलत नाही, सगळ्या शेतात असतात. माझ्या ओळखीच्या एका घराला एकाच तारखेला दोघांची नोंद झाल्याने आयत्या वेळी १०० ताटं कमी पडली होती. वही एकच असावी आणि ती एकीच्याच हाती असावी. दमट वाट्या, नसलेले कप आणि हा घोळ, या तिन्हींचा मिळून एक तारा.

गटाकडे पळसाच्या पत्रावळीही मिळतात, सातपुड्यातल्या पावरा बायका टाचून आणतात. शेकडा मागवता येतात. भरीत पार्टीला किंवा शेतातल्या जेवणाला त्या चांगल्या, जेवण झालं की गुरांना किंवा खड्ड्यात. रशीला मात्र नकोत. आणि बाजारात पत्रावळ म्हणून चंदेरी कागदाच्या मिळतात त्यांना भुलू नका, ती चमक म्हणजे प्लास्टिकचाच थर आहे.

आमच्या आजोबांच्या काळात भाऊबंदकीची मोठी भांडी एका घरात असायची, लग्नकार्याला सगळ्यांनी न्यायची. सासूबाई सांगतात, त्यांच्या लग्नातली पंगत त्याच पितळी ताटांत उठली. ती ताटं पुढे वाटणीत गेली आणि मग मोडीत. गटातल्या बायकांनी तीच रीत स्टीलमध्ये परत उभी केलीय, आणि तीही जात-भाऊबंदकी न बघता, गावातल्या कुठल्याही घराला.

हरवलेल्या सात वाट्यांतल्या तीन आठवड्याभरात सापडल्या. चुलत जावेने त्यातून प्रसाद नेला होता. परत नेऊन दिल्या तर अध्यक्षबाईंनी वही उघडली, तीन वाट्यांचे ९० रुपये माझ्या हातावर ठेवले आणि सही घेतली.

ते ९० आणि वरून आणखी ९१० असे १००० रुपये मी तिथेच परत दिले, कपांसाठी. चिनीमातीचे फुटतील, म्हणून दुहेरी पत्र्याचे, कानाचे, ८० मिलिलिटरचे २०० कप घ्यायचे ठरलंय. शाळेतल्या दोन शिक्षिकांनी आणि जेठांनीही पैसे दिले. दिवाळीनंतर कप येतील. माघात पुतणीचं लग्न आहे, त्यासाठी २५० ताटं आणि ते सगळे कप मी लाल वहीत आत्ताच लिहून आले. पान ४३ वर आहे. त्या तारखेला दुसऱ्या कुणाला हवी असतील तर ५० ताटं शिल्लक आहेत.